संरक्षण-तंत्रज्ञानाची बातमी वाचून मत कसे बनवावे

ड्रोन, क्षेपणास्त्रे, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि त्यांमागच्या कंपन्या यांच्याविषयी मराठवाड्यात आता नुसते कुतूहल उरलेले नाही. दुचाकी आणि मोटारींच्या सुट्या भागांवर उभ्या राहिलेल्या, छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत संरक्षण क्षेत्राचे काम मिळेल का, याची चाचपणी करणारे उद्योजक आहेत. अशा कंपन्यांचे शेअर घेणारे शिक्षक आणि बँक कर्मचारी आहेत. पुढे कोणती शाखा घ्यावी याच्या विचारात असलेले लातूर-नांदेडचे विद्यार्थीही आहेत. यांपैकी प्रत्येकाच्या मतावर त्याचा पैसा किंवा त्याची काही वर्षे अवलंबून असतात. म्हणून अशी बातमी आली की तिच्यावर मत देण्याआधी ती कशी तपासावी, याची एक पद्धत येथे मांडली आहे. प्रकरण आज नेमक्या कोणत्या पायरीवर आहे हे आधी ठरवावे आणि बरे-वाईट नंतर म्हणावे, एवढाच तिचा गाभा आहे.

पायरी ओळखणे

वाळूजमधल्या कोणत्याही व्हेंडरला हे शिकवावे लागत नाही. चौकशीचा ईमेल आला म्हणून तो मशीन बुक करत नाही. सॅम्पल पास झाले तरी पीओ, म्हणजे लेखी खरेदी आदेश, हातात पडेपर्यंत थांबतो, आणि पीओ आल्यावरही महिन्याचे शेड्यूल पाहिल्याशिवाय माणसे वाढवत नाही. तोच गृहस्थ ‘सत्तर हजार कोटींच्या संरक्षण खरेदीला मंजुरी’ असा मथळा सकाळी वाचतो आणि बाजार उघडताच शेअर घेतो, याचे मला नेहमीच नवल वाटते.

त्या मथळ्यातली मंजुरी बहुतेक वेळा खरेदीला नसते, ‘ही वस्तू हवी आहे’ एवढ्या गरजेला असते. डीएपी २०२० या संरक्षण मंत्रालयाच्या खरेदी कार्यपद्धतीप्रमाणे सेना आधी उद्योगांकडून माहिती मागवते. मग संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषद त्या वस्तूची गरज मान्य करते. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, प्रत्यक्ष मैदानी चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी, मोठ्या रकमेसाठी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची संमती, आणि सर्वांत शेवटी करार होतो. गरज मान्य झाली त्या दिवशी कोणत्याही कंपनीला एका रुपयाचेही काम मिळालेले नसते आणि पुष्कळदा ते कोणाला मिळेल हेही ठरलेले नसते.

एकच तोफ घेऊन हे पाहता येईल. एटॅग्स या १५५ मिलिमीटर तोफेचा प्रकल्प डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने २०१३ मध्ये हाती घेतला. १६ मार्च २०२३ रोजी परिषदेने सुमारे ७०,५०० कोटी रुपयांच्या ज्या प्रस्तावांची गरज मान्य केली, त्यांत ही तोफ होती. भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी ३०७ तोफा आणि त्या ओढणारी वाहने यांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला तो मार्च २०२५ मध्ये. म्हणजे ज्याने २०२३ चा मथळा वाचून काही ठरवले असेल, त्याला नुसत्या सहीसाठी दोन वर्षे वाट पाहावी लागली असती. आणि ही यशस्वी ठरलेल्या प्रकरणाची गोष्ट आहे.

‘यशस्वी चाचणी’ या शब्दांनाही अशाच पायऱ्या असतात. संशोधन संस्थेने स्वतः घेतलेली विकासात्मक चाचणी वेगळी, सैन्याने आपल्या अटींवर, आपल्या माणसांकडून, वाळवंटात किंवा बर्फात घेतलेली चाचणी वेगळी, आणि सेवेत दाखल होणे त्याहून वेगळे. नाग हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र १९८३ च्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमातले. त्याची अखेरची वापरकर्ता चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये पोखरणला झाली आणि त्याच्या वाहनासह प्रणालीचा सुमारे १,८०० कोटींचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. मधल्या काळात ‘यशस्वी’ हा शब्द किती वेळा छापून आला असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

करारानंतरही प्रश्न संपत नाहीत. ७३ एमके-१ए आणि १० प्रशिक्षण विमाने मिळून ८३ तेजस लढाऊ विमानांचा सुमारे ४८,००० कोटींचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला, पण त्यांना लागणाऱ्या जीई कंपनीच्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. जोडणीची शेड, प्रशिक्षित माणसे आणि पैसा सगळे तयार असूनही परदेशातला एकच पुरवठादार अख्खी साखळी अडवून धरू शकतो. म्हणून कराराची बातमी वाचताना डिलिव्हरीची तारीख आणि बाहेरून येणारा मुख्य भाग या दोन गोष्टी शोधाव्यात.

आकड्याशेजारचा शब्द

रकमेच्या शेजारी ‘पर्यंत’ हा शब्द आहे का, हे पाहावे. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या डोळ्यांवर बसणाऱ्या संगणकीय चष्म्यांसाठी मायक्रोसॉफ्टला दहा वर्षांत सुमारे २१.९ अब्ज डॉलरपर्यंतचे काम दिले, आणि जगभर तो आकडा कमाईसारखा छापला गेला. प्रत्यक्षात ती कमाल मर्यादा होती. चाचण्यांत सैनिकांनी डोकेदुखी आणि मळमळीच्या तक्रारी केल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते काम अँड्युरिल कंपनीकडे सोपवण्याचे जाहीर झाले. पेंटागॉनचे, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचे, जेडाय हे क्लाऊडचे कंत्राटही १० अब्ज डॉलरपर्यंतचे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिलेले ते काम जुलै २०२१ मध्ये रद्दच झाले.

आपल्याकडे या जागी सामंजस्य करार असतो. टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटींच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार राज्य सरकारशी ३१ जुलै २०२४ रोजी केला, तेव्हा बिडकीन परिसरातल्या प्लॉटचे भाव दुसऱ्या दिवशीपासून चर्चेत आले. करार चांगलाच आहे. मात्र सामंजस्य करार, जमिनीचा ताबा, पर्यावरण परवानगी, भूमिपूजन आणि उत्पादन यांतला प्रत्येक टप्पा वेगळी बातमी असते, आणि पहिल्या टप्प्याची बातमी सर्वांत मोठ्या अक्षरांत येते. संरक्षण प्रदर्शनांत एका दिवसात होणाऱ्या डझनावारी सामंजस्य करारांना हाच नियम लावावा.

कंपनीचे कागद

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर बातमी सोडून थेट तिने एक्स्चेंजला दिलेले पत्र उघडावे; बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर ते फुकट वाचता येते. मोठी ऑर्डर मिळाल्यावर सेबीच्या नियमांप्रमाणे कंपनीला ठरावीक तक्ता भरावा लागतो. ऑर्डर देणारा कोण, देशी की परदेशी, कामाचे स्वरूप काय, किती काळात पूर्ण करायचे, रक्कम किती, आणि ऑर्डर देणाऱ्यात प्रवर्तकांचे हितसंबंध आहेत का, हे सारे दीड-दोन पानांत असते. त्यातली मुदतीची ओळ मी सर्वांत आधी वाचतो. समजा रक्कम ३०० कोटी आणि मुदत ६० महिने असेल, तर वर्षाला सरासरी ६० कोटी होतात. कंपनीची आजची उलाढाल ४०० कोटी असेल तर ही बातमी बरी आहे, पण उड्या मारण्याइतकी नाही. ग्राहकाचे नाव गोपनीयतेमुळे दिलेले नसेल तर त्यात गैर काही नाही, कारण या क्षेत्रात तसे घडते. मुदतही दिलेली नसेल तर मात्र मत राखून ठेवावे.

मग वार्षिक अहवालातली येणे बाकी, म्हणजे माल देऊनही ग्राहकाकडून न आलेली रक्कम, पाहावी. विक्री वाढते आहे आणि येणे बाकी त्याहून वेगाने वाढते आहे, म्हणजे माल गेला आहे आणि पैसा सरकारी तपासणीच्या कुठल्यातरी टेबलावर आहे. संरक्षण क्षेत्रात ग्राहक बुडवत नाही, हे खरे. परंतु तो उशीर करू शकतो, आणि उशिराचे व्याज बँक कंपनीकडूनच घेते. ऑर्डर अनियमित येत असल्याने एका तिमाहीच्या नफ्यावरून तर काहीच ठरवू नये. आयडियाफोर्ज या ड्रोन कंपनीचा शेअर २०२३ मध्ये पहिल्या जाहीर विक्रीत ६७२ रुपयांना विकला गेला, जुलैमध्ये बाजारातल्या पहिल्याच दिवशी १,३०० च्या आसपास उघडला, आणि पुढच्या दोन वर्षांत मूळ किमतीच्या बराच खाली गेला. तंत्रज्ञान तेच होते, ऑर्डरी मात्र दरवर्षी सारख्या आल्या नाहीत. कंपनी नोंदलेली नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिचा ताळेबंद पाहता येतो. फुकट मत देणाऱ्यांनी एवढा खर्च जरूर करावा.

स्वदेशीचा अर्थ

‘संपूर्ण स्वदेशी’ हा दावा मनात तरी खोलून पाहावा. लहान ड्रोन उघडले तर कार्बन फायबरची चौकट, चार मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारी सर्किटे, उड्डाणाचे नियंत्रण करणारे कार्ड, जीपीएस, रेडिओ, कॅमेरा आणि बॅटरी एवढेच मुख्य भाग दिसतात. चौकट आपल्याकडे सहज बनते आणि जोडणीही होते; मोटारीतले निओडिमियमचे चुंबक, बॅटरीचे सेल आणि नियंत्रण कार्डावरची चिप कुठून आली, हा खरा प्रश्न आहे. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांची आयात खुली ठेवली. शिवाय स्वदेशी भागाचे प्रमाण खर्चावर मोजले जाते, आणि डीएपी २०२० मधल्या सर्वांत पसंतीच्या वर्गासाठी ते किमान ५० टक्के आहे. उरलेल्या निम्म्या खर्चात यंत्राचा मेंदू बाहेरचा असू शकतो, आणि तरीही नियमाचा भंग होत नाही.

ही शंका कागदी नाही. चिनी भाग आढळल्यामुळे सुमारे २३० कोटींचे ४०० ड्रोनचे करार लष्कराने रद्द केल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आणि बजाज ऑटोसारख्या कंपनीला इलेक्ट्रिक वाहनांचे उत्पादन घटण्याचा इशारा द्यावा लागला. वाळूजच्या वाचकाला चुंबकाचे महत्त्व यापेक्षा वेगळे समजावून सांगायला नको.

रणांगणावरचे व्हिडिओ

लक्ष्यावर आदळणाऱ्या ड्रोनचा व्हिडिओ खरा असला तरी पुरावा म्हणून अर्धाच असतो, कारण न पोचलेल्या ड्रोनचे चित्रण कोणी पाठवत नाही. तुर्कीचे बायराक्तार टीबी-२ हे ड्रोन युक्रेनमध्ये २०२२ च्या पहिल्या काही आठवड्यांत गाजले. रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा आणि जॅमिंग, म्हणजे रेडिओ संदेश अडवण्याची यंत्रणा, सावरल्यावर त्याचा वावर पुष्कळ कमी झाला. पुढे कॅमेऱ्याचे चित्र पाहत चालवायचे स्वस्त एफपीव्ही ड्रोन आले, त्यांचे रेडिओ जाम होऊ लागले, तेव्हा मागे ऑप्टिकल फायबर सोडत जाणारे ड्रोन आले. मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरनंतर आपल्याकडे ड्रोन कंपन्यांच्या शेअरना एकदम मागणी आली, तेव्हा हा क्रम फार थोड्यांनी लक्षात घेतला. ज्या क्षेत्रात शत्रू काही महिन्यांत उत्तर शोधतो, तेथे आजच्या मॉडेलपेक्षा कंपनी पुढचे मॉडेल किती लवकर देते याला किंमत द्यावी.

कंपन्यांच्या नैतिक भूमिकांवर मत बनवताना त्यांचे निवेदन कमी आणि निर्णय जास्त पाहावेत. ड्रोनच्या चित्रणाचे कृत्रिम बुद्धिमत्तेने विश्लेषण करणाऱ्या पेंटागॉनच्या मेव्हन प्रकल्पावरून २०१८ मध्ये हजारो कर्मचाऱ्यांनी निषेध केला, तेव्हा गुगलने ते कंत्राट पुढे न नेण्याचे ठरवले आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता देणार नाही असे तत्त्व लिहून प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वाक्य काढून टाकण्यात आले. यावर कोणतेही मत असू शकते, पण कंपनीचे तत्त्व तिच्याच संकेतस्थळावर बदलता येते आणि कायदा तसा बदलता येत नाही, हे धरूनच ते बनवावे.

काम घ्यायचे असेल तर

ज्यांना या बातम्यांवरून आपल्या शेडचा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हिशेब अधिक रोखठोक आहे. दुचाकीच्या कामात महिन्याला ४०,००० नग जातात. येथे चौकशी ४० नगांची येते. ड्रॉइंगवर ७०७५ अ‍ॅल्युमिनियम लिहिलेले असते, मटेरियलचे प्रमाणपत्र हीट नंबरासकट (धातूच्या ओतणीच्या क्रमांकासकट) लागते, पहिल्या नगाच्या प्रत्येक मापाचा अहवाल द्यावा लागतो, आणि विमान क्षेत्राचे काम असेल तर एएस ९१०० या गुणवत्ता प्रमाणपत्राची विचारणा होते. सेटिंग, फिक्श्चर आणि कागदपत्रे यांचा खर्च त्या ४० नगांवरच पडतो, त्यामुळे जॉबवर्कच्या नेहमीच्या तासाच्या दराने कोटेशन देऊ नये. नवीन मशीन घेण्याऐवजी आहे त्या मशीनचे रिकामे तास आणि मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या ठिकाणची तपासणीची सोय वापरून सुरुवात करावी. आयात होणाऱ्या कोणत्या वस्तू देशात बनवून हव्या आहेत, हे संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर पाहता येते. स्वतःची कल्पना असेल तर संरक्षणातल्या नवकल्पनांसाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स या सरकारी योजनेत दीड कोटीपर्यंतचे अनुदान आहे, पण तेवढाच वाटा स्वतःही घालावा लागतो, आणि येथेही ‘पर्यंत’ हा शब्द आहेच.

पेमेंटची अट पीओवर लिहून घ्यावी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, काम सुरू करण्याआधीच झालेली असावी, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६ च्या कायद्याने मिळणारे संरक्षण त्या नोंदणीवर अवलंबून आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर ती १५ दिवसांची धरली जाते, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज मागता येते. ‘वरून पैसे आले की देऊ’ ही अट मोठे कंत्राटदार सर्रास घालतात. ती मान्य करण्याआधी त्यांचे वरचे पेमेंट सरासरी किती दिवसांनी येते, हे त्यांच्याच वार्षिक अहवालातल्या येणे बाकीवरून काढावे आणि तेवढ्या दिवसांचे खेळते भांडवल आपल्याकडे आहे का ते पाहूनच कोटेशन पाठवावे.