एमटीएच-१ मोजायचंय? आधी ब्लँक पिवळा ठेवा

पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये एमएस्सीची मुलं प्रोजेक्टला आली की पहिल्या दिवशी मी त्यांना एन्झाइमला हात लावू देत नाही. आधी काचेची भांडी धुवायला लावते.

डीजीटीपी ही डीएनए बांधायची एक वीट. पेशीत तिचं ऑक्सिडेशन झालं की ८-ऑक्सो-डीजीटीपी बनतो. डीएनए बांधणारं एन्झाइम, डीएनए पॉलिमरेज, त्याला चुकून ए (ॲडेनिन) या अक्षरासमोर बसवतं आणि म्युटेशनची सोय होते. एमटीएच-१ हे १५६ अमिनो आम्लांचं इवलंसं एन्झाइम त्याआधीच त्याचे शेवटचे दोन फॉस्फेट जोडीनं तोडतं. उरलेला ८-ऑक्सो-डीजीएमपी मग डीएनएत जाऊ शकत नाही. एन६-मिथाइल-डीएटीपी या आणखी एका बदललेल्या विटेचीही ते अशीच वासलात लावतं.

तुटलेली जोडी, म्हणजे पायरोफॉस्फेट, थेट दिसत नाही. म्हणून सोबत ती फोडणारं दुसरं एन्झाइम, पायरोफॉस्फेटेज, घालायचं. एका जोडीचे दोन सुटे फॉस्फेट होतात आणि मॅलॅकाइट ग्रीन या रंगद्रव्याचं पिवळं द्रावण त्यांच्यामुळे हिरवं होतं.

गोची इथेच आहे. फॉस्फेट कुठूनही आला तरी रंग हिरवाच येतो. एका एप्रिलमध्ये माझा अख्खा आठवडा गेला. एन्झाइम न घातलेल्या वेल (प्लेटमधले छोटे खळगे), म्हणजे ब्लँकसुद्धा, पोपटी! सब्स्ट्रेट, म्हणजे ८-ऑक्सो-डीजीटीपी, नवा घेतला, बफर पुन्हा केला, फरक शून्य. मग आठवलं, गुरुवारी पाणी बंद होतं आणि मी बीकर बादलीतल्या पाण्यात एकदाच विसळले होते. साबणातला फॉस्फेट काचेला तसाच चिकटलेला. तेव्हापासून भांडी रात्रभर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात आणि सकाळी डिस्टिल्ड पाण्यानं चार-पाच वेळा विसळून. बफर ट्रिसचा, पीबीएस चुकूनही नको, त्यात फॉस्फेटच आहे.

बाकी सोपं आहे. ट्रिस-ॲसिटेट, पीएच ७.५, १० मिलिमोलर मॅग्नेशियम ॲसिटेट (मॅग्नेशियमशिवाय हे एन्झाइम चालत नाही), १०० मायक्रोमोलर सब्स्ट्रेट, एन्झाइम नॅनोमोलरमध्ये. पंधरा-वीस मिनिटांनी मॅलॅकाइट ग्रीन घाला, ६३० नॅनोमीटरवर वाचा. शेजारी एक वेल बिनएन्झाइमची, पण पायरोफॉस्फेटेज घातलेली ठेवाच. सब्स्ट्रेटच्या बाटलीत आधीच पायरोफॉस्फेट असेल तर तिथे कळतं. आणखी एक साध्या डीजीटीपीची, ती बरीच फिकी यायला हवी.

आकडे आले की ब्लँक वजा करा, स्टँडर्ड कर्व्हवरून (माहीत असलेल्या फॉस्फेटच्या आलेखावरून) फॉस्फेट काढा आणि दोननं भागा. एका मुलीच्या रिपोर्टमध्ये हे भागायचं राहिलेलं मला सबमिशनच्या आदल्या रात्री दिसलं. दोघींनी बसून पहाटे तीनपर्यंत सगळे तक्ते पुन्हा केले.