अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट वाजतात? आधी कुठला रॉकर कोरडा आहे ते पाहा

टॅपेट वाजायला लागले, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक यायला लागली, की बहुतेक गॅरेजमध्ये पहिला उपाय ठरलेला असतो: कव्हर उघडायचं, गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) कमी करायचा, कव्हर बंद. काही दिवस गाडी शांत चालते आणि टकटक परत सुरू होते. रॉकरपर्यंत तेलच पोचत नसेल तर गॅप कितीही नेमका लावला तरी झीज थांबत नाही. वरून आवाज दाबायला गॅप जास्तच आवळला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. त्यामुळे पान्याला हात लावण्याआधी तेल कुठे पोचतंय आणि कुठे नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यायला हवं.

इथे उदाहरण घेतलं आहे ते अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं, म्हणजे मूळच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं. नंतर आलेल्या १८१७ सीसी इसुझू इंजिनाची रचना वेगळी, त्याला हे लागू नाही. पद्मिनी किंवा जुनी जीप असेल तर तपासणीची पद्धत हीच ठेवा, फक्त तेल वर कुठून चढतं ते आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आधी बघा.

तेलाची वाट

पंपातून तेल फिल्टरमध्ये जातं, तिथून मुख्य गॅलरीत, मग मेन बेअरिंग आणि कॅमशाफ्टच्या बेअरिंगना. कॅमच्या मागच्या बेअरिंगपासून एक बारीक वाट ब्लॉकमधून वर चढते, हेड गॅसकेटमधल्या भोकातून हेडमध्ये शिरते आणि सर्वांत मागच्या पेडेस्टलमधून (रॉकर शाफ्टच्या आधाराच्या खुंटातून) पोकळ रॉकर शाफ्टमध्ये, म्हणजे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्यात, पोचते. शाफ्टच्या भोकांतून प्रत्येक रॉकरच्या बुशला (आतल्या धातूच्या नळीला) तेल मिळतं आणि सांडलेलं तेल पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या काडीच्या) भोकांतून टॅपेट आणि कॅम भिजवत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) उतरतं.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. रॉकरला तेल मिळतं ते सगळ्यांच्या शेवटी आणि कमी झालेल्या दाबाने. त्यामुळे तेलाच्या दाबाच्या गेजवर चालत्या गाडीत ५० पीएसआय दिसत असले तरी वरचा भाग कोरडा असू शकतो. गेजऐवजी नुसता तेलाचा दिवा असेल तर त्याच्यावर मुळीच विसंबू नका. दाब अगदी तळाला गेल्याशिवाय तो पेटत नाही. दुसरी गोष्ट, तेल मागून पुढे येतं. म्हणून शाफ्टमध्ये काही अडलं तर आधी उपाशी राहतात ते रेडिएटरच्या बाजूचे, पहिल्या सिलिंडरचे रॉकर.

कव्हर काढून पाहणी

आधी डिपस्टिक बघा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर पुढची सगळी तपासणी फसवी ठरेल. तेल पाण्यासारखं पातळ झालं असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला आहे का ते तपासा आणि तेल बदलूनच पुढे जा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. तेव्हा व्हरायटी चौकात सिग्नलला उभ्या गाडीत तेलाचा दाब सर्वांत कमी असतो. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० ग्रेड योग्य. नव्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३० यात घालू नका.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. बंद करून कव्हरचे दोन नट काढा आणि कव्हर उचला. मॅनिफोल्डच्या बाजूला चिंध्या लावून घ्या, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं. शर्टाची बाही, ओढणी, गमछा फॅनपासून लांब ठेवा. आता इंजिन सुरू करून मंद आयडलवर ठेवा आणि बॅटरीच्या उजेडात एकेक रॉकर बघा.

निरोगी इंजिनात तेल कारंज्यासारखं उडत नाही. रॉकरच्या दोन्ही कडांनी ते पाझरतं, ओघळतं, थोडंफार शिंतडतं. थंड इंजिनात वर यायला मिनिटभर लागलं तर घाबरायचं कारण नाही. पाच मिनिटांनीही रॉकर कोरडा असेल तर इंजिन बंद करा. कोरड्या रॉकरचा रंगही बोलतो: बुशच्या कडेला निळसर किंवा तपकिरी छटा आणि लालसर भुकटी दिसली, तर तिथे बरेच दिवस तेल नाही.

आता जे दिसलं त्याचा अर्थ लावा. आठही रॉकर कोरडे असतील तर दोष शाफ्टच्या आधी, मागच्या पेडेस्टलमध्ये किंवा त्याच्या खाली आहे. मागचे ओले, पुढचे कोरडे असतील तर शाफ्टमध्ये गाळ आहे किंवा मागचे बुश इतके ढिले झालेत की सगळं तेल तिथेच सांडतंय. एकच कोरडा असेल तर त्याच रॉकरचं किंवा त्याच्यासमोरचं शाफ्टचं भोक बुजलं आहे. सगळे ओले असून आवाज येत असेल तर तेलाचा प्रश्न नाही. त्या वेळी आयडलवर एकेका रॉकरखाली फीलरची (फट मोजायच्या गेजची) पात सरकवा. ज्याच्याखाली पात गेल्यावर टकटक थांबते, तो दोषी. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर पात खड्ड्यावर पूल बांधते. गॅप बरोबर भासतो, प्रत्यक्षात जास्त असतो. असा रॉकर बदलावा किंवा घासून सपाट करून घ्यावा.

रॉकर शाफ्ट उतरवताना

बरीच हेड इथेच बिघडतात. या इंजिनात पेडेस्टलचे चार नट हे हेडचेही नट आहेत. नुसते तेवढेच खोलले तर हेडवर एकाच बाजूला ताण येतो, हेड वाकतं आणि गॅसकेट पाणी सोडायला लागतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आधी रेडिएटरचं पाणी काढा. मग हेडचे सगळे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने थोडे थोडे ढिले करा आणि मगच शाफ्ट उचला. पुशरॉड काढताना आधी हलकेच फिरवून सोडवा. सरळ ओढला तर तेलाच्या ओढीने टॅपेट त्याच्यासोबत वर येऊन आडवा पडतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून पुशरॉड क्रमाने खोचून ठेवा.

आता खरी परीक्षा. पेडेस्टलखाली हेडमध्ये तेलाचं भोक उघडं दिसेल. बाकीचे हेड नट बेताचे कसा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. हँडल मारता आलं तर अधिक चांगलं, निवांत पाहता येतं. भोकात तेल भरून आलं, तर खालचं सगळं ठीक आहे आणि दोष तुमच्या हातातल्या शाफ्टमध्ये आहे. बऱ्याच फेऱ्यांनंतरही भोक कोरडंच राहिलं, तर दोष खाली आहे.

दोष वर असेल तर

तेलाचं भोक असलेला पेडेस्टल मागेच बसला होता ना, ते बघा. चारही दिसायला सारखे, त्यामुळे अदलाबदल सहज होते. पेडेस्टलखाली पत्र्याची शिम (पातळ चकती) घातली असेल तर तिला तेलाचं भोक हवंच. शाफ्ट फिरू नये म्हणून मागच्या पेडेस्टलला एक स्क्रू असतो. तो शाफ्टच्या भोकात नीट बसला नाही तर शाफ्ट फिरतो आणि भोकांची तोंडं चुकतात.

शाफ्टच्या पुढच्या टोकाचा बूच आट्यांचा असतो, तो खोला. आत बहुधा डांबरासारखा काळा गाळ निघतो. रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून तारेने आणि बारीक ब्रशने साफ करा, प्रत्येक भोकातून हवा मारा. रॉकर सरकवून शाफ्टवरून नख फिरवा. पायरीला नख अडकलं तर शाफ्ट गेला, आणि नव्या शाफ्टवर जुने बुश चालवण्यात अर्थ नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये बुश ठोकून रीम (आतून नेमक्या मापाचे) करून घेता येतात. तिथे स्पष्ट सांगा की बुशची जोड वरच्या बाजूला यायला हवी आणि ठोकल्यानंतर रॉकरमधल्या भोकाच्या मापाने बुशलाही भोक पाडायचं. ते राहून गेलं तर नवा कोरा रॉकर कोरडाच धावतो.

दोष खाली असेल तर

हेड अलीकडे खोललं होतं का? गॅसकेट उलटं बसलं किंवा त्याचं तेलाचं भोक जुळलं नाही, तर वरचा पुरवठा बंद होतो. इंजिन बांधताना कॅमचे बेअरिंग बदलले असतील तर मागच्या बेअरिंगचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं नसेल, हा संशय पक्का धरा. दोन्ही ठीक असतील तर वाट गाळाने बुजली आहे. हेड काढल्यावर ब्लॉकच्या बाजूने मऊ तार घालून हवा मारा आणि चेंबर उतरवून पंपाची जाळीही धुवा. लिलावातून घेतलेल्या, वर्षानुवर्षं उभ्या गाड्यांत ही जाळी निम्मी भरलेली सापडते. अशा इंजिनात फ्लशिंग ऑइल घालू नका. सुटलेला गाळ जाळीवर जाऊन बसतो आणि मग मेन बेअरिंगचंही तेल तुटतं.

काही मिस्त्री गेजच्या नळीला टी मारून बाहेरून तांब्याचा पाइप रॉकरवर नेतात. तो टाळा. मेन बेअरिंगचा दाब घटतो, वर तेलाचा पूर येतो, तो व्हॉल्व्ह गाइडमधून उतरतो आणि सिग्नलवरून निघताना निळा धूर निघतो. मूळ वाट बुजलेलीच राहते ते वेगळंच.

परत बांधताना

शाफ्ट, रॉकरची टोकं, पुशरॉडच्या वाट्या सगळं इंजिन ऑइलने भिजवून बसवा. पेडेस्टलचे छोटे नट २५ फूट-पाउंड, हेडचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याने आणि क्रमाने. गॅप थंड इंजिनात ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. त्यासाठी नऊचा हिशेब सोपा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज कायम नऊ. प्लग लावण्याआधी दिवा विझेपर्यंत किंवा गेज हलेपर्यंत स्टार्टर मारा, मग इंजिन सुरू करा आणि आठही रॉकर ओले झालेले पाहिल्याशिवाय कव्हर बसवू नका. सुमारे ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनात हेडचे नट आणि गॅप पुन्हा तपासा.