जुन्या अमेरिकी नकाशात रेल्वेचे गाव कसे वाचावे

मिसुरी राज्यातले मार्सलिन हे गाव सांता फे रेल्वेने १८८८ मध्ये वसवले. अशा गावांचे १९४०-५० च्या दशकांतले स्थलनिर्देशक नकाशे यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या) ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. गावाच्या नावाने शोधा. १:२४,००० चा नकाशा असेल तर तोच घ्या, कारण त्यात १ सेंटिमीटर म्हणजे २४० मीटर. १:६२,५०० मध्ये तेच ६२५ मीटर होतात आणि यार्डातले रूळ एकमेकांत मिसळतात.

१. आधी समास वाचा. खाली उजवीकडचे वर्ष पाहून थांबू नका. डावीकडच्या मजकुरात हवाई छायाचित्रांचे आणि प्रत्यक्ष पाहणीचे साल असते. एखादी इमारत ‘तेव्हा होती’ असे म्हणायचे तर आधार या सालांचा. जांभळ्या रंगातल्या गोष्टी पुढच्या आवृत्तीत, बहुधा केवळ छायाचित्रांवरून भरलेल्या असतात.

२. रूळ शोधा. आडव्या काट्यांची काळी रेषा म्हणजे रेल्वे. झेंड्याचा चौकोन शाळा, क्रूसाचा चर्च. गुलाबी छटेच्या दाट वस्तीत फक्त ठळक इमारती दाखवतात, तिथे घरे मोजू नका.

३. आता रस्ते पाहा. नकाशाचा खरा आनंद इथे आहे. १७८५ च्या कायद्यानंतरच्या मोजणीत जमिनीचे साधारण एक मैलाचे चौकोन पडले, म्हणून शिवारातले रस्ते बहुधा सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम धावतात. गावातल्या गल्ल्या मात्र तिरक्या, रुळांना समांतर दिसल्या, तर गावाची आखणी रुळांवरून झाली असे समजायला चांगला आधार मिळतो. दोन जाळी जुळतात तिथे त्रिकोणी तुकडे उरतात.

४. चढ मोजा. समोच्चरेषांतले (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांतले) उंचीचे अंतर समासात फुटांत दिलेले असते. आपल्याकडच्या मीटरच्या सवयीने इथे हमखास चूक होते. १:२४,००० वर मैल म्हणजे ६.७ सेंटिमीटर. मैलात २० फूट चढ म्हणजे सुमारे ०.३८ टक्के. रेल्वेच्या मुख्य मार्गावर ५ टक्के, म्हणजे गाडीला फारच तीव्र असा चढ आला, तर बहुधा तुम्ही कटिंगच्या (रुळांसाठी खोदलेल्या खाचेच्या) किंवा भरावाच्या शेजारच्या जमिनीची उंची धरली आहे.

५. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि छापील मोजपट्टी फूटपट्टीने ताडून पाहा. नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ठेवायचा असेल तर जिओटिफ (जागेची माहिती सोबत असलेली चित्र-फाइल) घ्या आणि आधारप्रणाली, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची चौकट, एनएडी २७ ही जुनी निवडा. आजची डब्ल्यूजीएस ८४ मानून ठेवलात तर रूळ कित्येक मीटर बाजूला, शेतात जाऊन पडतील.