हरणाचं मस्तक भरताना नवशिक्यांचं काम कुठे फसतं

एक-दोन मस्तकं भरून झाली आणि ती मनासारखी उतरली नाहीत, की बहुतेक जण महागडा एअरब्रश घ्यायला निघतात. रंगाने ते काम सुधारत नाही. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, कान मुरडतात, पापणी मागे सरते, आणि या सगळ्याचं मूळ कातडी किती नीट सोलली आणि किती पातळ केली यात असतं. (प्राणी कायदेशीर मार्गाने मिळालेला आहे आणि त्याचे कागद हाताशी आहेत, हे इथे गृहीत धरलं आहे.)

मापं सोलण्याआधीच घ्या. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर, आणि मानेचा घेर तीन ठिकाणी: कानांच्या लगेच मागे, मध्यावर आणि खाली. मुंडकं सोलल्यावर पहिलं माप पुन्हा ताडून बघा. सुटी कातडी ताणली जाते, त्यामुळे फक्त तिच्यावरून साचा (ज्यावर कातडी चढवायची तो फोमचा तयार आकार) मागवला तर तो मोठा येतो. दोन आकारांच्या मध्ये अडकलात तर लहानच घ्या. मोठ्या साच्यावर ओढूनताणून शिवलेली कातडी वाळताना आकसते आणि शिवण उघडी पडते.

आता मीठ. ओठ, पापण्या आणि नाकपुड्या आतल्या बाजूने चिरून उलगडा, कान टोकापर्यंत उलटे करा, मांस-चरबी खरवडून काढा. जिथे दुहेरी कातडी मिटलेली राहते तिथे मीठ पोचत नाही, जिवाणू वाढतात आणि केस सुटतात. एकदा सुटलेले केस पुन्हा मुळाशी धरत नाहीत. मीठ बारीक आणि बिनआयोडीनचं, साधारण कातडीच्या वजनाइतकं वापरा. कातडी उतरत्या फळीवर पसरा, म्हणजे पाणी निथळून जाईल. २४ तासांनी ओलं मीठ झटकून टाका आणि नवं लावा. झटकलेलं मीठ पुन्हा वापरायचा मोह टाळा.

मग पिकल, म्हणजे कातडी बुडवून ठेवायचं मीठ-आम्लाचं पाणी. त्यात दर लिटर पाण्याला सुमारे १२० ग्रॅम मीठ आणि सामू (pH) २ च्या खाली जाईल इतकं आम्ल. मीठ कमी पडलं तर आम्लाने कातडी बेसुमार फुगते. भांडं प्लास्टिकचं घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. सामू रोज तपासा. निदान तीन दिवसांनी कातडी काढून निथळा आणि पातळ करायला बसा.

नवशिके घाई करतात ती इथेच. पिकलमध्ये कातडी थोडी फुगून घट्ट झालेली असते, म्हणून सुरी नीट चालते. मानेवर जाडी थोडी राहिली तरी खपते. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि डोळ्यापुढच्या ग्रंथीच्या खाचेत मात्र कातडी पातळ कापडासारखी मऊ वळली पाहिजे. जाड राहिली तर ती खाचेत बसतच नाही, आणि बसवली तरी वाळताना उचलून येते. केसांची मुळं दिसू लागली की थांबा, त्यापुढे गेलात तर केस गळतील. पडलेली भोकं लगेच आतून शिवून टाका.

मग एक दिवस पुन्हा पिकल. त्यानंतर आम्ल मारायला दर लिटरला ४ ते ८ ग्रॅम खाण्याचा सोडा आधी विरघळवून घेतलेल्या पाण्यात १५ ते २० मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर इथेही केस सुटू शकतात. कमावण्याचं द्रव्य त्याच्या डब्यावरच्या सूचनेप्रमाणे लावा.

कानातली कूर्चा पूर्ण काढून तिच्या जागी तयार अस्तर बसवा. अर्धवट राहिलेली कूर्चा वाळताना कान हमखास मुरडते.

डोळ्याला वेळ द्या. हरणाची बाहुली आडवी, लांबट असते. चरणाऱ्या प्राण्यांत डोकं खाली गेलं तरी डोळा फिरून ती जमिनीशी जवळपास समांतर राहते, म्हणून काचेचा डोळा साच्याच्या नाकरेषेवरून नव्हे, तर मस्तक भिंतीवर ज्या कोनात लागणार आहे त्या कोनात धरून जुळवा. दोन्ही बाहुल्या समोरून आणि वरूनही बघा. पापणीखाली माती थोडीच लावा. भरमसाठ मातीने डोळा झोपाळू तरी दिसतो, नाहीतर भेदरलेला. संदर्भाला जिवंत हरणाचे फोटो ठेवा. दुसऱ्याने भरलेलं मस्तक बघून काम केलं की त्याच्या चुकाही उतरतात.

साचा कानशीने खरखरीत करून घ्या, गुळगुळीत फोमला गोंद धरत नाही. गोंद लावून कातडी चढवा आणि शिवताना टाके साधारण ६ मिलिमीटरवर, सुई आतून बाहेर काढत घाला, म्हणजे केस शिवणीत अडकणार नाहीत. खाचा, नाकपुड्या आणि ओठ टाचण्यांनी पक्के करा, कानांना पुठ्ठा लावा. पहिला आठवडा रोज बोटाने दाबून बघा. पोकळ लागलं तर त्याच वेळी दाबून टाचणी मारा. कातडी कडक झाल्यावर ती हलत नाही. पूर्ण वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर टाचण्या काढा, भेगा आणि आकसलेल्या कडा इपॉक्सी पुट्टीने भरा, आणि मगच रंगाचा डबा उघडा.