कर्जाचे कागद परत आणले

मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, पूर्ण फी आधी भरा. मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर. एवढी रक्कम आणायची कुठून? शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरून झाला होता, जामीनदार म्हणून मेहुणाही तयार होता.

शेजारच्या पोरानं 8 जुलै 2024 चा शासन निर्णय मोबाईलवर दाखवला. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. फक्त प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. त्याची प्रिंट काढून, पिवळ्या खुणा करून प्राचार्यांपुढं ठेवली. त्यांनी वाचली, क्लार्कला बोलावलं, आणि उरलेली किरकोळ फीच घेतली.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढला, महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्ती-फी सवलतीचे पैसे थेट खात्यात देणाऱ्या राज्य सरकारच्या पोर्टलवर, अर्ज भरला. एक काम आधीच उरका: मुलीच्या खात्याला आधार जोडलंय का, हे बँकेत जाऊन बघा. आमचं शाळेतल्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. ते बदलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला फोन केला, "दाजी, सही नको आता."