बोअरच्या पाण्याने केलेला घात

कॉकटेलमधले मोती कसे करतात हे तुम्ही व्हिडिओत पाहिलंच असेल. रसात सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून काढलेली, जेल धरणारी पूड), खाली कॅल्शियमचं पाणी, थेंब सोडला की वर पापुद्रा धरतो. शेफ फेरान आद्रियाने २००३ मध्ये स्पेनमध्ये जमवलं, मग नाशिकच्या गंगापूर रोडला का जमू नये, एवढ्याच जोरावर मी उतरलो.

चार महिने गुठळ्या खाल्ल्या. अल्जिनेट पाण्यात टाकलं की ब्लेंडरमध्येच खळ! बारमधला सीनियर म्हणाला, लिंबू जास्त झालं. पटलं, कारण पीएच ४ च्या खाली अल्जिनेट बिघडतंच. सोडियम साइट्रेट घातलं आणि जमलं. पुढच्या आठवड्यात साइट्रेट थोडं कमी केलं, पुन्हा गुठळ्या. अरे, पण लिंबू तर मी अजून घातलंच नव्हतं!

हे नीट वाचा, मी इथेच फसलो. साइट्रेट दोन कामं करतं: आंबटपणा सावरतं आणि पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. आमच्या बारमध्ये बोअरचं पाणी यायचं, किटलीच्या तळाशी पांढरा थर साचेल इतकं जड. म्हणजे कॅल्शियमची आंघोळ अल्जिनेटला भांड्यातच घडत होती. साइट्रेटने ते झाकलं आणि मी लिंबाला शिव्या देत बसलो. अल्जिनेटसाठी डिस्टिल्ड पाणीच घ्या. लिटरला १० ग्रॅम, तेही काट्यावर. चमच्याने मोजणाऱ्याचं मी ऐकत नाही. ब्लेंडरमधून काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, बुडबुडे निघून जातात. दारू आणि रस नंतर, आणि दारू बेताचीच. जास्त झाली तरी जेल नीट धरत नाही.

कॉकटेलच्या दोन दिवसांच्या कोर्सला पैसे घालू नका. तिथे ड्राय आइसचा धूर दाखवतात आणि तो उणे ७८ अंशांचा तुकडा गिऱ्हाइकाच्या पोटात जाऊ नये, हे सांगायचं राहून जातं. माझ्या सीनियरनेही कारण चुकीचं सांगितलं; पण रात्री एक वाजता माझ्याबरोबर भांडी घासायला तोच थांबायचा.

मोती नाहीच जमले तर घाबरू नका, दुधाने नितळ केलेलं कॉकटेल करा; दूध नासवायला कुणालाही येतं. आपल्याकडची रेड वाइन, साखर आणि लिंबू एकत्र करून ते दुधात ओता. उलटं, म्हणजे दूध त्या मिश्रणात, ओतू नका. केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, फाटताना वाइनचा तुरटपणा आणि बराचसा रंग ओढून घेतं. मग ते फडक्यातून गाळा; पहिली धार गढूळ येईल. ती ओतून देऊ नका, फडक्यातल्या त्याच चोथ्यावरून पुन्हा गाळा. हळूहळू थेंब नितळ पडायला लागतात.