क्लोझापिनची लेव्हल, प्रोलॅक्टिन: रक्त देताना या चुका टाळा

मी जळगावात एका लॅबमध्ये रक्त काढते. चोपडा, रावेर, धरणगावहून लोक पहाटेची एसटी धरून येतात. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा पेशंट असला की मी आधी विचारते, "माय, शेवटची गोळी कधी दिली?" "आत्ताच, स्टँडवर चहासोबत." किंवा मग, "उपाशी यायचं म्हणून रात्रीचीही नाही दिली."

दोन्ही वेळा खेप वाया जाते. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची लेव्हल, म्हणजे रक्तातलं प्रमाण, रात्रीच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी बघतात. रात्री नऊला घेतली तर रक्त सकाळी नऊला. गोळी घेऊन लगेच रक्त दिलं तर आकडा फुगतो, चुकवली तर पडतो. या लेव्हलसाठी उपाशी राहायची गरज नाही. डोस नुकताच बदलला असेल तर आठवडाभर थांबा. साधारणपणे 350 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली औषध अपुरं पडण्याची शक्यता जास्त.

बिडी लपवू नका. बिडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि त्याच आजारावरचं ओलान्झापिन झपाट्याने संपवतं. हे काम धुराचं, निकोटीनचं नाही. म्हणून मळलेल्या तंबाखूने तसं होत नाही. केळीच्या बागेत राबणारे एक दादा न्यूमोनियाने अ‍ॅडमिट झाले आणि बिडी एकदम सुटली. आठवड्याभरात दिवसभर गुंगी, लाळेने उशी ओली. गोळ्या त्याच होत्या, लेव्हल चढली होती. असा ताप-संसर्गही ती चढवतो. बिडी सोडाच, पण डॉक्टरांना आधी सांगून.

प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनबद्दल बायका माझ्याशी कुजबुजतात. पाळी बंद, छातीतून दूध, आणि घरात भलतेच संशय. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड ही याच आजारावरची औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम अडवतात, त्याने हे हार्मोन वाढतं. पुरुषांतही वाढतं, इच्छा मरते, ते बोलत नाहीत. आधी गरोदरपणाची आणि थायरॉईडची तपासणी होऊ द्या. झोपेतून उठल्या उठल्या रक्त देऊ नका, आकडा जास्त येतो. आणि मेडिकलवरून आणलेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल दाखवा: पॅन्टोप्रॅझोलसोबत त्यात बऱ्याचदा डॉमपेरिडोन असतं, तेही प्रोलॅक्टिन वाढवतं.

रिपोर्ट बघून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, कळकळीने सांगते. डोस कमी करणं, औषध बदलणं, अ‍ॅरिपिप्रॅझोल हे दुसरं औषध जोडणं हे मार्ग डॉक्टरांकडे आहेत. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त सुटलं तर पुन्हा अगदी कमी डोसपासून चढवावं लागतं. लेव्हल चांगली आली म्हणून पांढऱ्या पेशींची तपासणीही चुकवू नका, ती वेगळी आहे.

येताना चिठ्ठीवर लिहून आणा: शेवटची गोळी किती वाजता, दिवसाला बिड्या किती, बाकीच्या गोळ्या कोणत्या, शेवटची पाळी कधी. चिठ्ठी रिपोर्टलाच टाचून देईन.